जरीपटका : सरकारी जमीन आणि निर्वासितांचीं घरें

जरीपटका हा शब्द मराठी माणसानें प्रथम ऐकलेला असतो तो बखरींतून किंवा पोवाड्यांतून. जरीच्या कापडाचें निशाण, हत्तीवर डौलानें डोलणारें, आणि त्याच्यामागें चाललेली फौज, असें कांहींसें चित्र त्या शब्दासरशी डोळ्यांपुढें उभें राहतें. नागपुरांत मात्र जरीपटका म्हटलें कीं निशाण आठवत नाहीं, वस्ती आठवते. शहराच्या उत्तरेस, कामठी रस्त्याच्या पश्चिम अंगाला पसरलेली ही वस्ती मुख्यतः सिंधी लोकांची आहे. तेथें चेटीचंडाच्या दिवशीं झुलेलालची मिरवणूक निघते, पापड वाळत घातलेले दिसतात, आणि कापडाच्या दुकानांतून गिऱ्हाइकाशीं बोलतांना सिंधी, हिंदी व मराठी या तिन्हीं भाषांची सरमिसळ ऐकूं येते. सिंधु नदीच्या कांठीं पिढ्यान् पिढ्या राहिलेलीं हीं कुटुंबें वैनगंगेच्या मुलखांत कशी आलीं, हें बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु तीं ज्या जमिनीवर बसलीं ती जमीन कोणाची होती, तिच्यावर सरकारची सत्ता कशी आली, आणि ती कोणत्या अटींवर दिली गेली, ही हकीगत फारशी कोणी सांगत नाहीं. एका वस्तीपुरतीच ती महत्त्वाची आहे असेंही नाहीं. गरिबाला घर द्यावयाचें तर सरकारजवळ पैशापूर्वीं जमीन हवी, आणि ती नागपूरसारख्या शहरांत सरकारजवळ कोठून आली, हें या हकीगतींत दिसतें.

११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले पुत्रावांचून वारले. लॉर्ड डलहौसीनें दत्तकाचा हक्क नाकारून १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा केलें. त्या प्रसंगीं राजवाड्यांतील जवाहीर व हत्तीघोडे लिलावांत निघाले, आणि ती मानहानी नागपूरकर बराच काळ विसरले नाहींत. परंतु जवाहिराहून मोठी चीज जी सरकारच्या हातीं आली ती गाजावाजा न होतां आली. राजसत्तेच्या मालकीची शहरांतील व शहराभोंवतींची पडीत जमीन एका रात्रींत इंग्रज सरकारची झाली. अशा जमिनीस सरकारी दप्तरांत ‘नझूल’ म्हणतात. हा शब्द मूळ अरबी. उतरणें, खालीं येणें असा त्याचा अर्थ. धन्याविना उरलेली मालमत्ता सरकारकडे ‘उतरते’, हा त्यांतील भाव. नागपूरच्या माणसाला नझूल हा शब्द इतका परिचयाचा आहे कीं त्याचा अर्थ विचारावा असें त्यास वाटत नाहीं. पुण्या-मुंबईकडील माणसाला मात्र तो समजावून सांगावा लागतो.

नझूल जमीन सरकार सहसा विकत नसे. ती मुदतीच्या पट्ट्यानें देई. मुदत बहुधा तीस वर्षांची. पट्टेदारानें भुईभाडें भरावें, ठरलेल्या कामासाठींच जागा वापरावी, परवानगीवांचून ती दुसऱ्यास देऊं नये, आणि मुदत संपली कीं नव्यानें अर्ज करावा, अशी ही रीत. घर पट्टेदाराचें, पण घराखालची माती सरकारची. या पद्धतींत एक मोठा गुण होता. शहर वाढेल तसें जमिनीचें मोल वाढतें, आणि तें वाढतें तें कोणा एकाच्या श्रमानें नव्हे, सर्व नगराच्या उद्योगानें. जमीन सरकारच्या हातीं राहिली तर त्या वाढीव मोलांतला कांहीं भाग पुन्हां नगरासाठीं, विशेषतः घरावांचून राहणाऱ्यांसाठीं, वापरतां येतो. गुण होता तो कागदावर. १८६१ सालीं नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाल्यावर ह्या जमिनीचा उत्तम भाग सिव्हिल लाइन्समध्यें अधिकाऱ्यांच्या ऐसपैस बंगल्यांसाठीं गेला. बागेच्या कुंपणांत पांचपंचवीस कुटुंबें राहतील एवढी जागा एका साहेबाला मिळे, आणि गिरणींत काम करणारा कोष्टी किंवा महार कामगार जुन्या वस्त्यांतील कुडाच्या घरांत दाटीनें राही. जमिनीचा धनी जेव्हां सरकारच असतें तेव्हां अन्यायाचा दोष दुसऱ्या कोणावर ढकलतां येत नाहीं, ही गोष्ट त्या काळच्या राज्यकर्त्यांनीं सोयीस्करपणें नजरेआड केली.

सरकारी जमिनीवर गरिबांसाठीं घरें बांधण्याचे पहिले मोठे प्रयोग मुंबईस झाले. १८९६ सालीं प्लेगची साथ आली, आणि दोन वर्षांनीं, १८९८ मध्यें, मुंबईच्या सुधारणेसाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सरकारच्या व म्युनिसिपालिटीच्या मोकळ्या जमिनी या ट्रस्टच्या हवालीं करण्यांत आल्या. ट्रस्टनें रुंद रस्ते काढले, हवा खेळती केली. पण घरें पाडण्याचा त्याचा वेग बांधण्याच्या वेगाहून अधिक होता, आणि पाडलेल्या घरांतील माणसें शेजारच्या चाळींत जाऊन तेथील गर्दी वाढवीत. दुसरा प्रयोग गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० सालीं, डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या रूपानें सुरू झाला. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या व सुमारें सोळा हजार खोल्या झाल्या. खोली १६० चौरस फुटांची. चाळी इतक्या भक्कम कीं शंभर वर्षें टिकल्या. पण प्रारंभीं त्यांतल्या पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. भाडें कामगारास जड, पाण्याची व दिव्याची सोय अपुरी, गिरणी लांब. ज्यांच्यासाठीं घर बांधलें त्यांनाच तें परवडूं नये, हा अनुभव येथें प्रथम आला, आणि दुर्दैवानें शेवटचा ठरला नाहीं. १९३० नंतरच्या कायदेभंगाच्या चळवळींत वरळीच्या कांहीं चाळींचा सरकारनें तात्पुरत्या तुरुंगासारखा उपयोग केला. घर म्हणून बांधलेली इमारत बंदिशाळा म्हणून भरावी, यावर निराळें भाष्य नको.

त्याच सुमारास यूरोपांत व्हिएन्ना शहरानें निराळी वाट धरली होती. १९२३ ते १९३४ या काळांत तेथील नगरपालिकेनें घरांवर चढत्या दराचा कर बसवून साठ हजारांवर बिऱ्हाडें बांधलीं, आणि भाडें कामगाराच्या मिळकतीच्या अल्प अंशाएवढेंच ठेवलें. व्हिएन्नाला जें साधलें आणि मुंबईस साधलें नाहीं, त्याचें कारण विटा-चुन्यांत नव्हतें. व्हिएन्नांत भाडें ठरविणारे लोक भाडेकऱ्यांच्या मतांनीं निवडून आले होते. मुंबईस तसें नव्हतें.

नागपुरास मात्र तिसरा मार्ग दिसला, आणि तो जरीपटक्याच्या अगदीं शेजारीं. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. तिची व्यवस्था पाहणारे बेझनजी दादाभाई मेहता यांचें नांव आज बेझनबाग या वस्तीच्या रूपानें टिकून आहे. मिलच्या चालकांनीं सरकारकडून इंदोरा भागांत जमीन पट्ट्यानें घेतली, तिची आंखणी केली, आणि कामगारांना चाळींत खोल्या न देतां भूखंड दिले. घर कामगारानें आपलें आपण बांधावें, मिलनें रक्कम उसनी द्यावी, आणि ती पगारांतून हप्त्यानें फिटावी, अशी ही योजना. जमीन सरकारची, आंखणी मिलची, घर कामगाराचें. धन्याच्या जागेंत राहणारा कामगार संपाच्या वेळीं धन्याच्या मुठींत सांपडतो, हा दोष या पद्धतींतही होताच. तरी पण माणूस आपल्या हातानें बांधलेल्या घराची जी काळजी घेतो ती भाड्याच्या खोलीची घेत नाहीं, हें इंदोऱ्यास दिसून आलें. पुढें १९३६ च्या कायद्यानें नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे नागपूरचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, अस्तित्वांत आला. जमीन ताब्यांत घ्यावी, रस्ते व गटारें करून भूखंड पाडावे, आणि ते पट्ट्यानें द्यावे, हेंच काम त्यानें सर्व शहरासाठीं चालविलें.

अशी तयारी असलेल्या शहरांत १९४७ चें वर्ष उजाडलें.

फाळणीच्या निर्वासितांत सिंधी लोकांची स्थिति पंजाब्यांहून अगदीं निराळी होती, आणि ती ध्यानांत घेतल्यावांचून जरीपटक्याचा उलगडा होत नाहीं. पंजाबची फाळणी झाली. पश्चिमेकडून हिंदु व शीख आले, पूर्वेकडून मुसलमान गेले, आणि गेलेल्यांचीं घरें व शेतें आलेल्यांना देतां आलीं. सिंधची फाळणी झालीच नाहीं. तो प्रांत सबंधच पाकिस्तानांत गेला. सिंधी हिंदूंना आपला म्हणण्याजोगा एक जिल्हाही हिंदुस्थानांत उरला नाहीं. १९३६ च्या १ एप्रिलपर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणून त्यांच्या ओळखीपाळखी मुंबईस होत्या. त्यांतले पुष्कळ लोक बोटीनें मुंबईस व काठेवाडच्या बंदरांत उतरले, कांहीं मारवाडच्या रेल्वेनें आले. ६ जानेवारी १९४८ रोजीं कराचींत दंगल झाल्यावर जे अद्याप तेथें थांबले होते त्यांनींही बिऱ्हाडें उचललीं. हे लोक बहुतांशीं शहरवासी. सरकारी नोकरींतले आमिल आणि व्यापारी भाईबंद. त्यांना नांगर देऊन भागणारें नव्हतें. त्यांना बाजारपेठेजवळ छप्पर हवें होतें. मुंबई एकटीनें एवढा भार सोसणें शक्य नव्हतें, तेव्हां आगगाड्या आंतल्या प्रांतांकडे वळल्या. नागपूर हें मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन्हीं लोहमार्गांच्या छेदावर वसलेलें. त्या वेळीं पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळाच्या अमलाखालील मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी. येथून पाकिस्तानांत गेलेल्यांचीं घरें पंजाबच्या मानानें फारच थोडीं. रिकामें घर नसेल तर रिकामी जमीन पाहावी लागते, आणि ती सरकारजवळ होती.

देशांत इतरत्रही असेंच घडलें. कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सैनिक गेले आणि बराकींत सिंधी कुटुंबें आलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तिचें उल्हासनगर झालें. तेथील भागांना अद्याप कँप नंबर एक, कँप नंबर दोन असेंच म्हणतात. कोल्हापुराजवळ वळिवडे येथें महायुद्धांत पोलंडच्या हजारों निर्वासितांस आसरा मिळाला होता. ते परतूं लागल्यावर त्याच घरांत सिंधी आले, व त्या जागेचें गांधीनगर बनलें. कच्छच्या महारावांनीं पंधरा हजार एकर जमीन दिली आणि भाई प्रताप यांच्या खटपटीनें तेथें गांधीधाम वसलें. जुन्या मध्यप्रांतांत कटनी व बिलासपुराजवळचें चकरभाठा येथें अशाच वसाहती झाल्या. नागपुरांत शहराच्या नैऋत्येस खामला येथें एक झाली, आणि सर्वांत मोठी जरीपटक्यास.

या लोकांनीं मागें काय टाकलें होतें, त्याची कल्पना श्रोत्यांना एका गोष्टीवरून येईल. हैदराबाद-सिंध येथील घरांच्या माथ्यावर वारा पकडून खालच्या दालनांत सोडणारे मोठे झरोके असत. त्यांस मंघ म्हणत. सारें शहर जणूं शिडें उभारून बसलें आहे असें दिसे. त्या घरांतून निघालेलीं माणसें नागपुरांत आलीं, जेथें मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, आणि आलीं तीं तंबूंत, बराकींत व पत्र्याच्या छपराखालीं. त्यांना शरणार्थी हें नांव आवडत नसे. ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवीत. शब्दाचा अभिमान कृतीनेंही राखला. पोरांनीं रेल्वे स्टेशनवर गोळ्या-बिस्किटें विकलीं, बायकांनीं पापड लाटले, पुरुषांनीं पाठीवर कापडाचे गठ्ठे घेऊन फेरी केली. जरा जम बसतांच घराची पुढची खोली दुकान झाली. सरकारी आंखणींत ती जागा राहण्यासाठीं होती. पण ज्याचें सर्वस्व गेलें तो आधीं पोट भरतो, मग नकाशा पाहतो. ही पुढची खोली विसरूं नये. तिचा संबंध पुढें येणार आहे.

मध्यवर्ती सरकारनें ६ सप्टेंबर १९४७ रोजीं पुनर्वसनाचें स्वतंत्र खातें काढलें होतें. वसाहतींची रीत सामान्यतः अशी कीं जमीन सरकारनें द्यावी, लहान घरें बांधून तीं भाड्यानें द्यावीं किंवा नुसते भूखंड देऊन बांधकामास कर्ज द्यावें. पुढें १९५४ चा विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. ज्यांनीं सिंधमध्यें स्थावर मालमत्ता सोडली असेल त्यांच्या मान्य झालेल्या दाव्याच्या पोटीं सरकारी घर वळतें करावें, आणि ज्यांचा दावाच नसेल त्यांनीं हप्त्यांनीं किंमत फेडावी, असा त्याचा आशय. म्हणजे सिंधमध्यें ज्याचा वाडा होता त्याला घर लवकर मिळणार, आणि जो तेथेंही भाड्यानें राहत होता त्यानें येथें हप्ते भरावे. निर्वासितपणांतही जुनी श्रीमंती-गरिबी अशी बरोबर आली. तथापि सारासार पाहतां जगांतील इतक्या मोठ्या लोकसंख्येला इतक्या थोड्या अवधींत छप्पर देण्याचीं उदाहरणें थोडींच आहेत, आणि तें साधलें याचें मुख्य कारण जमिनीसाठीं सरकारला कोणाचें तोंड पाहावें लागलें नाहीं.

जमीन झटपट मिळाली. जमिनीचा कागद मात्र रखडला. त्याला नागपूरचा राजकीय इतिहास पुष्कळसा कारण आहे. वसाहत वसली तेव्हां प्रांताचें नांव मध्यप्रांत-वऱ्हाड. १९५० मध्यें तें मध्यप्रदेश झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यांत आलें व राजधानीचें पद गमावून बसलें. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला. तीन राज्यें बदललीं, दप्तरें एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत गेलीं. कांहीं जमीन मध्यवर्ती पुनर्वसन खात्याची, कांहीं राज्याच्या महसूल खात्याची, कांहीं ट्रस्टची. मूळ पट्टेदार वारला. मुलांनीं घर वांटून घेतलें. एकानें आपला भाग साध्या कागदावर दुसऱ्यास दिला. नव्या माळ्यावर सुनेचा संसार थाटला गेला. आखीव पत्रिकेवर, म्हणजे नागपुरांत जिला घरजागेचा मालकीचा उतारा मानतात त्या कागदावर, या घडामोडींचा मागमूस नाहीं. तेथें सरकारचें नांव, किंवा दिवंगत झालेल्या आजोबांचें. अशा घरावर कर्ज मिळणें कठीण, विकावें तर भाव पडका, पुन्हां बांधावें तर मंजुरी नाहीं. बाहेरून भरभराटीची दिसणारी ही पेठ कायद्याच्या दृष्टीनें अनेक ठिकाणीं अद्याप छावणीच राहिली.

शेजारच्या इंदोऱ्याची कथा यापेक्षां सुखाची आहे असें समजूं नये. एम्प्रेस मिल १९८६ सालीं टाटांच्या हातून गेली आणि पुढें कायमची बंद पडली. उत्तर नागपूर हें ज्या कामगार-वर्गाचें, त्यांतले बहुसंख्य लोक १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध झाले. ते स्वाभिमानानें राहिले, परंतु त्यांतील अनेकांच्या झोपड्यांखालची नझूलची किंवा ट्रस्टची जमीन त्यांच्या नांवें होण्याची चर्चा सिंधी वसाहतीच्याही मागाहून सुरू झाली. फाळणीच्या निर्वासिताला सरकारनें एका वर्षांत जमीन शोधून दिली, आणि शहराच्या जन्मापासून तेथें राबणाऱ्याला ‘अतिक्रमक’ म्हटलें. दोघेही बेघर, एकाचें संकट वर्तमानपत्रांत आलें, दुसऱ्याचें रोजचें होतें. या भेदाला समर्थन सांपडत नाहीं.

अलीकडे सरकारचें मन सैल झालेलें दिसतें. नागपूर व अमरावती विभागांतील नझूल पट्टेदारांनीं ठराविक अधिमूल्य भरून जमीन पूर्ण मालकीची करून घ्यावी, यासाठीं २०२४ मध्यें अभय योजना निघाली. २०२५ सालीं महाराष्ट्र सरकारनें सिंधी विस्थापितांच्या राज्यांतील तीस वसाहतींसाठीं निराळी विशेष अभय योजना मंजूर केली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें मुंबईस वरळीच्या जुन्या चाळींतील पहिल्या कांहीं रहिवाशांना, १६० चौरस फुटांच्या जागीं, ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. पंचाहत्तर वर्षें वाट पाहिलेल्या कुटुंबाला त्याची जमीन मिळावी याबद्दल दुमत होऊं नये. प्रश्न आहे तो त्यापुढील. सिंगापूरच्या सरकारनें १९६० पासून आपल्या बहुतेक प्रजेला घरें दिलीं, पण तीं नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यानें. माती सरकारनें सोडली नाहीं. आपल्याकडे पट्टा हा शब्द हेलपाट्यांशीं इतका निगडित झाला कीं पूर्ण मालकी हाच त्यावर उतारा ठरला. पट्ट्याची पद्धत वाईट होती म्हणून ती गेली असें नाहीं. ती चालविणारी कचेरी वाईट होती म्हणून गेली. आणि १८५४ सालीं सरकारकडे जी जमीन आयती ‘उतरली’ होती ती एकदां विकली गेल्यावर, पुढचें संकट येईल तेव्हां नव्या जरीपटक्यासाठीं जागा बाजारभावानेंच घ्यावी लागेल.

तूर्त मात्र जरीपटक्यांतील अडचण अधिक साधी आहे. नव्या योजनेंत अधिमूल्याचे दर दोन आहेत : राहत्या जागेसाठीं कमी, व्यापारी जागेसाठीं अधिक. मोजणीदार टेप घेऊन दारांत उभा राहतो तेव्हां पुढच्या खोलींत कापडाचे तागे असतात, मागच्या खोलींत चूल असते, आणि माळ्यावर मुलांचा अभ्यास चाललेला असतो. त्या तिन्हीं जागांना मिळून सरकारदरबारीं घराचा क्रमांक एकच आहे.